सुईवरचा टाका, पानावरची ओळ: विणताना आणि वाचताना जीव शांत कसा होतो?

बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी पिशवीत दोन गोष्टी टाकल्या होत्या. एक कादंबरी, निम्मी वाचून झालेली, अगदी रंगात आलेली. दुसरं भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी घेतलेलं टोपडं: १० नंबरच्या सुया, फिकट पिवळी चार प्लायची लोकर आणि सुईवर ८४ टाके, नुसती सुरुवात. बाबांना आत नेलं. आई, भाऊ आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. मी पुस्तक उघडलं. एक परिच्छेद वाचला. पुन्हा तोच वाचला. चौथ्यांदा वाचूनही नायिका कुठल्या गावाला निघाली आहे हे मला सांगता आलं नसतं. डोळे ओळीवरून चालत होते आणि समोर दिसत होतं वेगळंच: हिरवं कापड, मोठा दिवा, स्ट्रेचरच्या कडेला आलेलं बाबांचं पाऊल.

पुस्तक मिटलं आणि सुया काढल्या. एक सुलट, एक उलट. एक सुलट, एक उलट. तिसऱ्या ओळीपर्यंत श्वास खाली उतरला. काळजी कुठे गेली नव्हती, पण छातीवरून उठून ती बाकावर शेजारी बसली होती.

मी मुळात वाचणारी. विणायला शिकले पस्तिशीनंतर, आत्याकडून. म्हणून त्या दिवशी पुस्तकाने हात टेकले आणि लोकर धावून आली, याचं मला बरेच दिवस नवल वाटत राहिलं. उलटा अनुभवही आहे. कुणाचं लागट बोलणं मनात घोळत असलं की विणायला बसून भागत नाही. हात चालत राहतात आणि ती वाक्यं त्याच तालावर आणखी जोरात ऐकू येतात. तेव्हा पुस्तकच लागतं. हे दोन्ही छंद आपण ‘मन रमवायला बरे’ म्हणून एका पंक्तीत बसवतो, पण ते मनाच्या वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन काम करतात. ते कसं, हे शोधताना जे हाती लागलं ते इथे सांगते.

डोक्यातली पाटी

कुणी फोन नंबर सांगितला आणि जवळ पेन नसलं, तर पेन सापडेपर्यंत आपण तो मनात घोकतो. मध्येच कुणी ‘चहा टाकू का?’ विचारलं की नंबर पुसला जातो. ज्या जागेवर तो नंबर तात्पुरता लिहिलेला होता, तिला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. मी तिला डोक्यातली पाटी म्हणते. ती फार लहान आहे, आणि ती लहान आहे यातच आपल्या विषयाचं मर्म आहे.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली या पाटीबद्दल एक कल्पना मांडली, आणि ती आजही शिकवली जाते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इथे एकच पाटी नसते. शब्द आणि आवाज सांभाळणारा एक भाग असतो, आकार आणि जागा सांभाळणारा दुसरा, आणि दोघांवर लक्ष ठेवणारा एक मुकादम. शब्दांच्या भागात एका वेळी एकच बोलणं मावतं. चित्रांच्या भागात एका वेळी एकच चित्र नीट उमटतं. पण शब्द आणि चित्र मात्र बऱ्यापैकी एकत्र नांदतात.

घरीच करून पाहा. ‘दूध, आलं, कोथिंबीर, साबण’ असं मनात सतत म्हणत या लेखाचा पुढचा परिच्छेद वाचायचा प्रयत्न करा. एक तर यादी तुटेल, नाही तर परिच्छेद डोक्यात शिरणार नाही, कारण दोघं एकाच खोलीत शिरू पाहतात. आता तीच यादी म्हणत म्हणत कपड्यांच्या घड्या घाला. सहज जमेल.

काळजी याच पाटीवर लिहिली जाते. तिला वेगळी जागा नाही. आणि तीही दोन रूपांनी येते. एक बोलणारी: ‘मी असं का म्हणाले’, ‘त्यांना काय वाटलं असेल’, ‘उद्या विचारलं तर काय सांगू’. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काळजीचाच अभ्यास केला, आणि त्याला आढळलं की नेहमीची, रोजची काळजी बहुतांशी शब्दांत असते. आपण ती स्वतःशी बोलत असतो. दुसरी काळजी दिसणारी. पाहिलेला अपघात, दवाखान्यातला प्रसंग, न घडलेलं पण घडेल की काय असं वाटणारं दृश्य. ती बोलत नाही, डोळ्यांपुढे येऊन उभी राहते.

या दिसणाऱ्या प्रकाराबद्दल ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी लोकांना अंगावर काटा आणणारी दृश्यं असलेली फिल्म दाखवली. अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. टेट्रिस म्हणजे वरून ठोकळे पडतात आणि ते फिरवून बसवायचे, तोच खेळ. आपल्याकडे लहानपणी हातातल्या ब्रिक गेमवर पुष्कळांनी खेळलेला. टेट्रिस खेळलेल्यांना पुढच्या आठवडाभरात ती दृश्यं नकळत आठवण्याचं प्रमाण कमी होतं. हे २००९ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी शब्दांच्या प्रश्नमंजूषेशी तुलना केली, आणि प्रश्नमंजूषेने तसा उपयोग झाला नाही. चित्राची जागा अडवायला आकारांचं काम लागतं. शब्दांच्या कामाने ते होत नाही.

ऑपरेशन थिएटरबाहेरचा माझा अनुभव मला इथे उलगडल्यासारखा वाटतो. मला दृश्यं छळत होती, आणि मी त्यांच्यावर शब्दांचा उपाय करत होते. सुई कुठून घालायची, धागा पुढे की मागे, पुढचा टाका कसा दिसतो, हे सगळं आकारांचं आणि हातांचं काम. ते नेमकं त्या दृश्यांच्या खोलीत जाऊन बसलं. विणकामावर असा नेमका प्रयोग झाला आहे असं मी म्हणत नाही. वरच्या संशोधनावरून मी काढलेला हा अर्थ आहे, आणि माझ्या बाबतीत तो वारंवार खरा ठरला आहे.

वाचताना आत काय चालतं

बोलणाऱ्या काळजीवर पुस्तक का चालतं, हे आता लक्षात आलं असेल. वाचताना शब्दांची खोली भरलेली असते, तिथे आपला स्वतःचा तक्रारीचा आवाज घुसायला जागा उरत नाही. पण वाचन हे इतकंच नाही. मुळात ही क्रिया फार अद्भुत आहे, आणि आपण ती लहानपणी शिकून टाकतो म्हणून तिचं नवल वाटेनासं होतं.

हात लांब करा आणि अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढी जागा, साधारण तेवढंच आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतं. बाकीचं सगळं धूसर. म्हणून वाचताना नजर ओळीवरून रेल्वेसारखी सरकत नाही, चिमणीसारखी टुणटुण उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढची उडी. इंग्रजी वाचणाऱ्यांवर पुष्कळ मोजमापं झाली आहेत: एक उडी सरासरी सात ते नऊ अक्षरांची, आणि दर शंभर उड्यांत दहा-पंधरा उड्या मागे, ‘हे काय म्हणाला?’ असं पुन्हा पाहायला. इंग्रजीत मनातल्या मनात ललित वाचणारी प्रौढ माणसं मिनिटाला सरासरी २६० शब्द वाचतात असं २०१९ साली मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने १९० अभ्यास एकत्र करून काढलं.

यासाठी मेंदूत जन्मतः कसलीही सोय नसते. बोलणं माणसाला हजारो पिढ्यांपासून येतं, पण लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची आहे. स्तानिस्लास देहाएन या फ्रेंच शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की वस्तू आणि आकार ओळखण्यासाठी मेंदूत जी यंत्रणा आधीच होती, तीच आपण अक्षरांसाठी वळवून घेतो. जुन्या साडीची गोधडी करावी तसं.

यातला एक अभ्यास तर आपल्या लिपीवरच झालेला आहे. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या, तिशीच्या आसपासच्या, वाचता न येणाऱ्या लोकांना, त्यांत बहुतेक बायकाच, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी व नंतर त्यांचे मेंदूचे स्कॅन काढले. २०१७ साली आलेल्या त्या निष्कर्षांत दिसलं की बदल नुसता मेंदूच्या वरच्या थरात नव्हता. खूप आत, मेंदूच्या देठापाशी, नजर कुठे वळवायची हे ठरवणारे जे जुने भाग आहेत, त्यांचा वरच्या भागांशी मेळ वाढला होता. तिशीतल्या बाईने बाराखडी गिरवली आणि सहा महिन्यांत तिच्या मेंदूच्या तळघरात हालचाल झाली. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी आजी साठीच्या पुढे रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकली होती. देवळाच्या पायरीवर बसून ती हरिपाठ बोट फिरवत वाचायची. पाठ तर तिला आधीच होता. तरी ती वाचायची.

बोट फिरवत, ओठ हलवत वाचणाऱ्यांना कमी लेखायची आपल्याला सवय आहे. ते चूक आहे. ओठ मिटले तरी आवाज थांबत नाही, तो आत जातो. मूकपणे वाचतानाही घशाच्या स्नायूंत बारीक हालचाल मोजता येते. अवघड मजकूर आला की ती वाढते. आपण ज्याला मनात वाचणं म्हणतो, ते बऱ्याच अंशी मनात ऐकणंच आहे. म्हणून तर आवडत्या लेखकाचं पुस्तक उघडलं की कुणीतरी ओळखीचं बोलायला लागल्यासारखं वाटतं. तो सोबतीचा भास खोटा नाही. तो आवाज आपल्याच आवाजाच्या जागी उमटत असतो.

आणखी एक गोष्ट. व्हिक्टर नेल या दक्षिण आफ्रिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात निव्वळ मौजेसाठी वाचणाऱ्या, पुस्तकांत बुडून जाणाऱ्या वाचकांचा अभ्यास केला. त्याला आढळलं की एकाच पुस्तकात त्यांचा वेग फार कमी-जास्त होतो आणि सगळ्यात आवडलेल्या पानांवर ते हळू होतात. आंब्याची शेवटची फोड कुणी घाईने खात नाही, तसं. या वर्षी पन्नास पुस्तकं, पुढच्या वर्षी शंभर, असे संकल्प करणाऱ्या मैत्रिणींना मी हे आवर्जून सांगते. आकड्याच्या मागे लागलं की पहिला बळी जातो तो या हळू होण्याचा.

एकाच धाग्याची करामत

मराठीत ‘विणणे’ हा शब्द हातमागालाही आहे आणि सुयांनाही, पण दोन्ही कामं मुळात निराळी. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात आणि आडवा धागा त्यांतून वर-खाली जातो. कापड ताणलं तर फारसं वाढत नाही. सुयांवर एकच धागा असतो, सलग, आणि तो स्वतःच्याच फासांत अडकत जातो.

अंगातला टी-शर्ट उलटा करून उजेडात धरा. तोही मागावरचा नाही, यंत्रावर याच पद्धतीने विणलेला असतो. बाहेरच्या बाजूला गव्हाच्या लोंबीसारखे बारीक व्ही एकाखाली एक दिसतील. आतल्या बाजूला आडव्या कमानींच्या ओळी दिसतील. झालं, विणकामाची अख्खी बाराखडी तुमच्या हातात आहे. व्ही दिसतो तो सुलट टाका, कमान दिसते तो उलट टाका, आणि दोन्ही म्हणजे एकच टाका आहे, पुढून आणि मागून पाहिलेला. जुन्या फासातून नवा फास आपल्या बाजूला ओढला तर सुलट, पलीकडे ढकलला तर उलट. जगातले सगळे स्वेटर, पानाफुलांच्या जाळ्या, वेण्या, मोजे, सगळं या दोन अक्षरांत लिहिलेलं आहे.

लोकरीचा धागा स्वतः फारसा ताणला जात नाही, पण विणलेलं कापड चांगलं वाढतं. कारण ओढलं की फासांचा आकार बदलतो: आडवं ओढलं की उंच फास बुटके आणि रुंद होतात, सोडलं की परत येतात. धागा वाकवलेला असतो आणि त्याला सरळ व्हायचं असतं, ही सगळी ताकद तिथून येते. नुसतं सुलट बाजूचं विणकाम कडांना गुंडाळतं तेही त्यामुळेच. नव्याने शिकणारी प्रत्येक बाई पहिल्या पट्टीच्या कडा वळलेल्या पाहून विचारते, ‘माझं काय चुकलं?’ काही चुकलेलं नसतं. पुढच्या आणि मागच्या बाजूला धाग्याचा बाक सारखा नसतो, म्हणून बाजूच्या कडा मागे वळतात आणि वर-खालच्या पुढे. एक सुलट, एक उलट असं आलटूनपालटून विणलं की हे ओढ घेणं एकमेकांना फेडून टाकतं, कापड सपाट राहतं आणि वर पंख्यासारखं मिटतं. स्वेटरच्या बॉर्डरला, टोपड्याच्या काठाला ही वीण घालायचं कारण तेच. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये एलिसाबेटा मात्सुमोतो ही भौतिकशास्त्रज्ञ हेच गणितात मांडते: टाक्यांचा क्रम बदलून तोच धागा कुठे ताठ आणि कुठे लवचिक करता येतो. आपल्या आज्यांना ते बोटांनी माहीत होतं. त्यांनी ते गणितात मांडलं नाही एवढंच.

सुयांच्या नंबरांबद्दल सांगायला हवं, कारण दुकानात सगळे गोंधळतात. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मापं चालतात आणि ती उलटी आहेत: नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. आणि ज्याला आपण लोकर म्हणतो ते बाजारात बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. बाळाच्या कपड्यांना ते वाईट नाही. धुवायला सोपं, टोचत नाही. फक्त त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची लोळागोळा होते. खऱ्या लोकरीची गंमत निराळी. तिच्या तंतूला निसर्गतःच नागमोडी वळण असतं, त्यात हवा अडकते म्हणून ती उबदार, आणि अंगावर बारीक खवले असतात, म्हणून गरम पाण्यात चोळली की तंतू एकमेकांत गुंततात आणि स्वेटर आकसून जाड नमदा होतो. तो पुन्हा सरळ होत नाही.

आता चुकांबद्दल, कारण माझ्या मते विणकामातला सगळ्यात मोठा दिलासा तिथे आहे. टाका सुईवरून निसटला की पोटात गोळा येतो. तो खालच्या ओळीत, मग त्याच्या खालच्या ओळीत, शिडीसारखा उसवत जातो. आत्याने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी सुया टाकून दिल्या होत्या. ती म्हणाली, “अगं, घाबरतेस काय? खाली गेलाय, हरवला नाही.” क्रोशाची सुई घेतली, सगळ्यात खालच्या फासात घातली, वरची आडवी पायरी त्यातून ओढली, मग तिच्या वरची. सहा पायऱ्या, सहा टाके. टाका सुईवर परत, आणि कुठे तुटलं होतं ते शोधून सापडेना. चूक फार खाली असली तर सरळ उसवायचं. धागा सलग असल्यामुळे वाया काही जात नाही, लोकर पुन्हा गुंड्यावर येते. उसवलेली लोकर वेड्यावाकड्या वळणांची असते, ती ओली करून वाळत घातली की पुन्हा सरळ होते. दिवसभरात आपण करतो त्यांतल्या किती कामांत अशी सोय असते?

ताल, आणि थोडी सावधगिरी

हार्वर्डमधले हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली एक साधी गोष्ट मांडली. धोका दिसला की शरीर जसं पळायला किंवा लढायला सज्ज होतं, तशी त्याच्या उलट, निवण्याची अवस्थाही शरीरात असते. तिच्यासाठी त्यांनी पुढे दोन गोष्टी पुरेशा मानल्या: एखादा शब्द, आवाज किंवा हालचाल पुन्हा पुन्हा करणं, आणि मध्ये विचार आले तर त्यांच्याशी न भांडता परत त्या आवर्तनाकडे येणं. जपमाळ ओढणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. सुयांवरची ओळ हीसुद्धा माळच आहे. ८४ मणी, मग वळायचं, पुन्हा ८४.

विणणाऱ्यांचं म्हणणंही गोळा झालेलं आहे. २०१३ साली जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी जगभरच्या ३,५४५ विणणाऱ्यांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे जास्त वेळा विणत होते, ते विणल्यावर शांत आणि आनंदी वाटतं असं अधिक प्रमाणात सांगत होते. पण ही माणसं आधीच विणकामाच्या प्रेमात होती. ज्यांनी कंटाळून सुया माळ्यावर टाकल्या, त्यांना कुणी विचारलं नाही. म्हणून हा आकडा मोठा असला तरी त्यातून ‘विणकाम औषध आहे’ असं निघत नाही.

वाचनाबद्दल तर एक आकडा सगळीकडे फिरतो: सहा मिनिटं वाचलं की ताण ६८ टक्क्यांनी कमी होतो. तो २००९ साली ब्रिटनमधून आला, एका चॉकलेटच्या प्रचारासाठी करवून घेतलेल्या छोट्याशा चाचणीतून. शास्त्रीय नियतकालिकात रीतसर तपासून छापलेला तो अभ्यास नाही. मला हा आकडा फॉरवर्ड करणाऱ्यांचा राग येत नाही, त्यांना पुस्तकं आवडतात म्हणूनच ते करतात. पण पुस्तकाची बाजू मांडायला त्याची गरज नाही. आणि झोप, भूक उडाली असेल, आठवडेच्या आठवडे मन वर येत नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं. सुया आणि पुस्तक बरोबर घेऊन जा, पण जा.

कधी काय हाती घ्यावं

मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारते: मला ऐकू येतंय की दिसतंय? डोक्यात वाक्यं फिरत असतील तर पुस्तक. तेही गोष्टीचं, पात्रं एकमेकांशी बोलतात असं. चिंतनपर लेखन अशा वेळी नको, त्यात आपल्या विचारांना शिरायला फटी फार. मन फारच बेचैन असेल तर मोठ्याने वाचते, दोन पानं पुरतात. दृश्यं छळत असतील तर विणकाम, आणि तेही थोडं लक्ष मागणारं. बोटांना पूर्ण सवयीचं झालेलं विणकाम आकारांची खोली भरू शकत नाही. जाळीची वीण घ्यावी, जिथे धागा पुढे घ्यायचा, दोन टाके एकत्र विणायचे, मोजायचं.

काम फार सोपं असलं की मन भटकतं, फार अवघड असलं की वैतागतं. मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणूस वेळ विसरतो. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी याला फ्लो म्हटलं आणि आयुष्यभर त्याचा अभ्यास केला. पहिल्या दिवशी मफलर हे आव्हान असतं, सहा महिन्यांनी ती विश्रांती होते. म्हणून मी दोन कामं सुयांवर ठेवते, एक सोपं आणि एक अवघड. पुस्तकंही दोन.

सोप्या विणकामाचा उपयोग वेगळाच: ते शब्दांची खोली मोकळी ठेवतं, म्हणून विणता विणता ऐकता येतं. दुपारी आत्या विणायची आणि तिची जाऊ तिला मोठ्याने मासिकातली कथा वाचून दाखवायची. आता ते काम बोलकी पुस्तकं करतात. सगळ्या सुलट ओळींची पट्टी आणि कानात कादंबरी, हा माझा रविवार.

मराठी घरात या दोन्ही छंदांना त्यांचे मुहूर्तही आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा पडलेला असतो. दिवाळी संपते आणि आमच्या नाशिकला थंडी उतरते, निफाडकडे तर पारा अनेकदा राज्यात सगळ्यांत खाली जातो. तेव्हा सुया निघतात. पण कोकणात, मुंबईत जिथे स्वेटर वर्षातून चार दिवस लागतो, तिथेही बायका विणतात, आणि त्याचं कारण बाळंतविडा. टोपडं, स्वेटर, मोजे, दुपटं. येणाऱ्या जिवाचा चेहरा कुणी पाहिलेला नसतो, तरी त्याच्या डोक्याचं माप धरून रोज संध्याकाळी चार-चार ओळी वाढत असतात.

शिकायचं असेल तर ८ नंबरच्या सुया आणि जरा जाड, फिकट रंगाची लोकर घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. तीस टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणा. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडा वळत नाहीत. दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून मनगटं फिरवा. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावूनच बसा, वाचतानाही आणि विणतानाही; डोळे ताणून केलेल्या कामात सुख नाही. आणि पुस्तकांसाठी जवळचं वाचनालय गाठा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. पुस्तक परत करायची तारीख असली की वाचन होतंच होतं, हा माझा तीस वर्षांचा अनुभव.

नवीन शिकणाऱ्यांचा टाका हमखास घट्ट येतो. भीतीने धागा बोटाभोवती आवळला जातो, सुई आत शिरत नाही, आणि ओळ आखडते. आत्या म्हणायची, “ओढू नकोस गं, धागा पळून जात नाही.” पण जुन्या विणणाऱ्यांचंही असं होतं. जिवाला घोर असला की हात आवळतो आणि ते विणीत उतरतं.

ते पिवळं टोपडं भाचीच्या मुलीने पहिल्या हिवाळ्यात घातलं. आता ते लहान झालं, धुऊन गाठोड्यात ठेवलं आहे, पुढच्या बाळासाठी. मध्ये एकदा बाबांनाच ते दाखवत होते. काठापासून वर अठरा ओळी दाट आहेत, बोट फिरवलं तरी कळतं. एकोणिसाव्या ओळीच्या मधोमध डॉक्टर बाहेर आले होते आणि म्हणाले होते, सगळं नीट झालं. तिथून पुढचे टाके सैल आहेत. बाबांनी चष्मा लावून ती ओळ शोधली.